भांडी कोण घासणार?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांमधून स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं (लांबलेलं) भाषण आणि शेवटी ज्याची सगळे मनापासून वाट बघत असतात ते जेवण. पुरीभाजी, मसालेभात, जिलबी. रात्री दहाच्या सुमारास पालक आपापल्या पोरांना गाडीत कोंबून घरी जातात आणि मैदानाच्या कोपऱ्यात काळ्या पिशव्यांचा ढीग उरतो.

जरा हिशेब करू. समजा ६०० माणसं जेवली. प्रत्येकी एक प्लेट, एक वाटी, एक चमचा आणि पाण्याचे कमीत कमी दोन ग्लास (पहिला कुठे ठेवला ते कोणालाच आठवत नाही). पाच गुणिले सहाशे म्हणजे ३००० वस्तू. प्रत्येकीचा उपयोग फार तर वीस मिनिटं. एका शाळेची एक संध्याकाळ झाली ही.

ह्यावर नेहमी ऐकू येणारं स्पष्टीकरण ठरलेलं आहे : लोक आळशी झाले, पाश्चात्त्यांचं अनुकरण करायला लागले, पूर्वी कसं सगळं पत्रावळीवर आणि निसर्गाला धरून होतं. ऐकायला बरं वाटतं. पण ह्या वापरून फेकायच्या भांड्यांचा इतिहास वाचायला घेतला तर गोष्ट बरीच वेगळी निघते. पहिलं म्हणजे, कागदी ग्लास रुजला तो आळसामुळे नाही, भीतीमुळे. दुसरं म्हणजे, त्या भीतीची सुरुवात चक्क शाळेतून झाली. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : फेकायचं ताट हे नेहमीच एका जुन्या, अवघड प्रश्नाचं उत्तर म्हणून आलेलं आहे. तो प्रश्न म्हणजे 'भांडी कोण घासणार?' कचऱ्याचा प्रश्न त्या उत्तरातून नंतर तयार झाला. म्हणून नुसता कचऱ्यावर उपाय शोधला की फसायला होतं.

तर आधी अमेरिकेत जाऊ. साल १९०० च्या आसपास.

त्या काळी तिथल्या शाळांत, रेल्वेगाड्यांत, स्टेशनांवर पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला एक पत्र्याचा पेला असायचा. सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. शाळेतली पोरंही एकामागून एक तोच पेला तोंडाला लावायची. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला होता आणि 'रोग जंतूंमुळे होतो' ही कल्पना हळूहळू प्रयोगशाळेतून लोकांच्या डोक्यात उतरत होती. एकदा ती उतरल्यावर त्या साखळीच्या पेल्याकडे कोण आधीच्या नजरेने बघणार?

ऑगस्ट १९०८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या लाफाएत कॉलेजातले जीवशास्त्राचे प्राध्यापक आल्विन डेव्हिसन ह्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषय होता शाळेतल्या पेल्यांतून पसरणारा मृत्यू. त्यांनी एका शाळेत नऊ दिवस वापरलेला काचेचा पेला घेऊन त्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पेल्याच्या वरच्या भागावर माणसांच्या ओठांच्या पेशी आणि त्यांना चिकटलेले जंतू दाटीवाटीने बसलेले होते. आजच्या भाषेत सांगायचं तर हा लेख 'व्हायरल' झाला (ह्या विषयात हा शब्द जरा जपूनच वापरायला हवा). पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन ह्यांनी रेल्वेत आणि सार्वजनिक ठिकाणी सामाईक पेल्यावर बंदी आणली. मग एकेक करत इतर राज्यंही त्या वाटेने गेली.

बंदी आली म्हणजे पर्याय हवाच. बॉस्टनच्या लॉरेन्स ल्यूलेन नावाच्या माणसाने त्याच सुमारास कागदी पेले आणि ते पेले देणारं पाण्याचं यंत्र तयार केलं होतं. त्याचा मेहुणा ह्यू मूर हा हाडाचा विक्रेता. त्यांनी 'द कप कॅम्पेनर' नावाचं पत्रक काढून सामाईक पेल्याविरुद्ध प्रचार सुरू केला. विकायचा होता कागद, पण दाखवायची होती भीती! पुढे १९१८ च्या फ्लूच्या साथीने ह्या धंद्याला आणखी बळ दिलं. १९१९ मध्ये त्या पेल्याचं नाव 'डिक्सी कप' झालं. आणि १९२१ मध्ये कंपनीने आपला कारखाना जिथे नेला ते ठिकाण होतं डेव्हिसनसाहेबांच्याच ईस्टनला लागून.

आता ह्या गोष्टीतला मला आवडलेला भाग. त्याच भीतीवर दुसरं एक उत्तर त्याच काळात निघालं होतं, आणि तेही शाळेतच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात लूथर हॉज नावाचा एक प्लंबर होता, नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षकही होता. १९०६ मध्ये एका शाळेची तपासणी करताना त्याने मुलांना एकाच पत्र्याच्या पेल्यातून पाणी पिताना बघितलं. त्याने काय करावं? पेला बदलला नाही, तो काढूनच टाकला! पाण्याची धार खालून वर उडेल असा नळ बनवला. मुलाने वाकायचं आणि धारेला तोंड लावून प्यायचं. १९०९ मध्ये त्याने ह्याची कंपनी काढली. आज विमानतळांवर दिसणारे ते वाकून पाणी पिण्याचे नळ ह्याच घराण्यातले.

म्हणजे बघा, बग एकच : 'एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडाला लागतं.' त्यावर दोन पॅच आले. एकाने दरवेळी नवा पेला द्यायचा ठरवलं, दुसऱ्याने पेल्याची गरजच काढून टाकली. पहिला पॅच दर घोटागणिक विकता येतो, दुसरा एकदाच विकता येतो. कोणता जास्त पसरला असेल हे सांगायला एमबीए लागत नाही.

ह्यानंतर एक बदल फार गुपचूप झाला. साबण, गरम पाणी, भांडी धुण्याची यंत्रं सगळीकडे आली. नीट धुतलेल्या पेल्यातून क्षय होत नाही हेही लोकांना कळलं. म्हणजे मूळ भीती संपली. पण कागदी पेला गेला नाही, त्याने नोकरी बदलली! १९५५ च्या १ ऑगस्टच्या अंकात अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने एक गाजलेलं छायाचित्र छापलं. एक हसरं कुटुंब हात वर करून उभं आहे आणि त्यांच्याभोवती हवेत प्लेटा, पेले, चमचे, ट्रे असं सगळं उडतंय. सगळं वापरून फेकायचं. मजकुराचा आशय असा की ह्या सगळ्या वस्तू धुवायच्या म्हटल्या तर ४० तास लागतील, पण आता गृहिणीला ती काळजी नाही. जंतूंचा उल्लेख मागे पडला, आता विकले जात होते ४० तास.

ह्या छायाचित्राला आज सगळे नावं ठेवतात. 'फेकू संस्कृतीची सुरुवात' वगैरे. पण ते ४० तास कोणाचे होते हे विचारलं तर तेवढ्या ठामपणे नावं ठेवता येत नाहीत. ते चित्रातल्या बाईचेच होते. तिचे ४० तास वाचत असतील तर ती आनंदाने प्लेटा का उधळणार नाही? घरातल्या इतर कोणी ते काम वाटून घेतलं असतं तर कदाचित एवढं उधळायची वेळ आली नसती.

आता आपल्याकडे येऊ. कारण तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं झालं, आपल्याकडे पत्रावळी होत्या.

होत्या, आणि वस्तू म्हणून पत्रावळ खरोखर अफलातून आहे. पळसाची पानं, ती टाचायला बारीक काड्या, बस्स. मोठी केली की पत्रावळ, खोलगट वळवली की द्रोण. कोकणात तर तेवढीही खटपट नाही, केळीचं पान कापून आणलं की झालं. जेवणं उरकली की जनावरांनी खाल्लं तर खाल्लं, नाहीतर उकिरड्यावर. दोन-चार महिन्यांत खत. कच्चा माल गावातला, उत्पादन गावातलं, विल्हेवाटही गावातली. आजच्या कुठल्याही 'ग्रीन' कंपनीला हेवा वाटावा अशी रचना.

पण ती आली कशातून? पर्यावरणाच्या काळजीतून नक्कीच नाही. ती आली उष्टं, खरकटं, सोवळं, विटाळ ह्या कल्पनांतून. कोणी जेवलेल्या भांड्यात दुसऱ्याने जेवायचं तर ते घासून 'शुद्ध' व्हायला हवं, आणि पंगतीला शंभर-दोनशे पानं असतील तर ते कोण करणार? त्यापेक्षा पानावर जेवा आणि पान टाकून द्या. कुल्हडचंही तेच. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की फोडायचं. म्हणजे अमेरिकन माणसाने जंतूंना भिऊन पेला फेकला आणि आपण विटाळाला भिऊन पान फेकलं. एक भीती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, दुसरी दिसत नाही. हिशेब मात्र एकच.

आणि पान फेकलं तरी उष्टं उचलावं लागतंच. ते कोण उचलणार? युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या ही कथा आपल्या संतांनी आणि कीर्तनकारांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. ती एवढी प्रिय का झाली असेल? कारण ते काम एरवी कोणाच्या वाट्याला येतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. देवाने उष्टी काढली ह्यात नवल वाटतं, त्यातच सगळं आलं. पंगतीतलं उरलंसुरलं अन्न गावाबाहेरच्या वस्तीने न्यायचं हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता. पत्रावळीचे गोडवे गाताना हे सोईस्करपणे विसरून चालणार नाही.

शाळेचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या शाळांत सगळी पोरं एकाच पेल्यातून पाणी पीत होती साधारण त्याच काळात साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा शिकत होता. त्याला शाळेच्या नळाला हात लावायची परवानगी नव्हती. दुसऱ्या कोणी नळ सोडून दिला तरच पाणी, आणि ते काम शिपायाचं. शिपाई जागेवर नसला की त्या दिवशी तहानलेलंच राहायचं. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तिथे एकच पेला सगळ्यांना होता म्हणून आजार पसरत होता, इथे एकाच नळाला सगळ्यांना हात लावता येत नव्हता. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळे कप ठेवायची पद्धत देशाच्या अनेक भागांत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. काही ठिकाणी काचेचा पेला इतरांना आणि वापरून फेकायचा कप ह्यांना, अशा नव्या रूपातही ती दिसली. फेकायच्या कपाने कचरा तर केलाच, वर भेदभावही सोपा केला.

ह्या सगळ्या पार्श्वभूमीवर मला महाराष्ट्रातला एक माणूस फार मोठा वाटतो. गाडगेबाबा (१८७६-१९५६). फुटक्या मातीच्या भांड्याचा एक तुकडा, म्हणजे गाडगं, बरोबर घेऊन हिंडायचे. त्यातच जेवायचे. हातात खराटा. ज्या गावात जातील तिथे आधी झाडलोट, मग कीर्तन. आपलं ताट आपणच न्यायचं आणि आधी जाऊन झाडायचं, असं दोन्ही एका माणसाने केलं. आजच्या सगळ्या मोहिमांचा सारांश त्यात आहे असं मला वाटतं.

मधल्या काळात आपल्याकडे स्टीलचं युग आलं. ते फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या आई-वडिलांना ते आठवत असेल. गावच्या देवळात, तरुण मंडळात, पुढे बचत गटात सामाईक भांड्यांचा संच असायचा. ताटं, वाट्या, पेले, पातेली, सगळ्यांवर ठोकून कोरलेलं नाव आणि साल. लग्नकार्याला भाड्याने न्यायची, मोजून परत करायची. हरवलं तर भरून द्यायचं. आज ह्याला 'शेअरिंग इकॉनॉमी' म्हणतात आणि त्यावर अॅप काढतात. ह्या व्यवस्थेत कचरा जवळपास शून्य. पण मांडवाच्या मागे नळाशी बसून राखेने भांडी घासणाऱ्या तीन-चार बायका असायच्या, आणि जेवणाच्या फोटोत त्या कधीच नसायच्या.

मग नव्वदच्या दशकात बुफे आला, थर्माकोल आला, आतून चंदेरी मुलामा दिलेल्या कागदी प्लेटा आल्या, पातळ प्लास्टिकचे ग्लास आले. शहरात पाणी महाग झालं, जागा कमी झाली, भांडी घासायला माणसं मिळेनाशी झाली (किंवा खरं सांगायचं तर त्या पैशात मिळेनाशी झाली). मांडवामागच्या त्या बायकांची जागा थर्माकोलने घेतली. तो ४० तासांचाच व्यवहार, फक्त साडीतला.

सरकारने काय केलं? २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या. २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटं-वाट्या-पेल्यांवर महाराष्ट्रात बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक प्लेटा, कप, चमचे ह्यांवर देशभर बंदी आली. हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण बंदीने वस्तू बदलली, प्रश्न तोच राहिला. थर्माकोलच्या जागी उसाच्या चिपाडाची प्लेट आली, सुपारीच्या विरीची आली, कागदाची आली. कागदी कपाला पाणी धरून ठेवायला आतून प्लास्टिकचा पातळ थर द्यावा लागतो, म्हणून तो ना धड कागदाच्या रद्दीत जातो ना खतात. चिपाडाची प्लेट खतात जाऊ शकते, पण तिला खताच्या खड्ड्यापर्यंत कोणी न्यायला हवं ना? काळ्या पिशवीत प्लास्टिकच्या बाटल्यांबरोबर कोंबली की तीही कचरा डेपोवरच जाते. पत्रावळीची जादू पानात होती त्यापेक्षा जास्त गोठ्यात आणि उकिरड्यात होती. आपण पान परत आणलं, उकिरडा आणला नाही.

आमच्या क्षेत्रात ह्याला लक्षणावर इलाज म्हणतात. एरर मेसेजचा रंग बदलायचा आणि तिकीट बंद करायचं.

जगात ज्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला त्यांचं काय झालं? तीन उदाहरणं देतो.

पहिलं न्यूयॉर्क. तिथल्या सरकारी शाळांत दुपारचं जेवण फोमच्या ट्रेमध्ये मिळायचं. रोज आठ लाखांहून जास्त ट्रे. काही पालकांनी ह्याविरुद्ध मोहीम सुरू केली आणि २०१० च्या मार्चपासून 'मंगळवारी ट्रे नाही' असा नियम झाला. आठवड्यातले फक्त एक दिवस! पण पाचातला एक म्हणजे वीस टक्के कपात, आणि तीही एक पैसा खर्च न करता. पूर्ण बदलायला अडचण होती पैशाची. फोमचा ट्रे ४ सेंटला, खत होणारी प्लेट साधारण १५ सेंटला. मग न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, मायामी, डॅलस, ऑरलँडो अशा सहा शहरांच्या शाळा एकत्र आल्या आणि घाऊक मागणीच्या जोरावर त्यांनी प्लेट ४.९ सेंटला पाडून घेतली. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून फोम गेला. एका शाळेला जे परवडत नाही ते दहा शाळांना मिळून परवडतं, हा ह्यातला धडा. मात्र ती प्लेटही शेवटी फेकायचीच आहे.

दुसरं जर्मनी. म्युनिक शहराने १९९१ मध्ये नगरपालिकेच्या जागेवरच्या कार्यक्रमांत वापरून फेकायच्या भांड्यांवर बंदी घातली. पण जर्मनांनी नुसती बंदी घालून सोडून दिलं नाही. तिथे अनेक गावांत 'गेशिरमोबिल' भाड्याने मिळते. म्हणजे ताट-वाट्या आणि भांडी धुण्याचं मोठं यंत्र बसवलेली चाकांवरची गाडी. शाळेची जत्रा असो की गावचा उत्सव, गाडी मैदानात आणून उभी करायची, पाणी-वीज जोडायची, कार्यक्रम संपला की धुवून परत. 'कोण घासणार' ह्याचं थेट उत्तर.

तिसरं केरळ. २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिथे 'ग्रीन प्रोटोकॉल' राबवला. त्याचं सूत्र असं की प्लास्टिकच्या जागी दुसरी फेकायची वस्तू नको, धुवून परत वापरता येईल अशीच हवी. स्टीलची ताटं, स्टीलचे पेले. पुढे हाच नियम शालेय कलोत्सवापर्यंत गेला. आणि भांडी पुरवणं-धुणं हा तिथे कुडुंबश्रीच्या (१९९८ मध्ये सुरू झालेली महिला गटांची योजना) काही गटांचा रीतसर व्यवसाय झाला. दर ठरलेला, पैसे ठरलेले. मांडवामागची बाई इथे कंत्राटदार झाली. मला हा बदल कचरा कमी होण्याइतकाच मोलाचा वाटतो.

पण एवढं लांब जायचीही गरज नाही. सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या रस्त्यापलीकडच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत आहे. माध्यान्ह भोजन योजना १९९५ मध्ये सुरू झाली, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. आज देशात सुमारे ११ कोटी मुलं ह्या योजनेत येतात. खिचडी स्टीलच्या ताटात, आणि बहुतेक ठिकाणी पोरं आपापलं ताट नळाखाली स्वतः विसळून ठेवतात. जगातला सर्वांत मोठा शालेय भोजनाचा कार्यक्रम, शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी, फेकायच्या प्लेटेशिवाय चालतो! (तिथेही वेगळ्या पंगती आणि वेगळ्या ताटांच्या तक्रारी अधूनमधून येतात. विटाळ एवढ्या सहज धुतला जात नाही.) आणि लाखभर फी घेणाऱ्या शाळेत वर्षातून एकदा जेवण असतं, तिथे आपल्याला ते 'प्रॅक्टिकल' वाटत नाही.

आमच्या ऑफिसात दर दोनेक वर्षांनी 'आपापला मग आणा' मोहीम येते. पोस्टर लागतात, पहिला आठवडा छान जातो. मग सिंकमध्ये न धुतलेले मग साचायला लागतात, हाऊसकीपिंगची मावशी ते किती दिवस धुणार, आणि महिन्याभरात कागदी कप हळूच परत येतात. मोहीम मगवर आखलेली असते, सिंकवर कोणी आखतच नाही.

म्हणून आमच्या मुलीच्या शाळेत ह्या वर्षी पालकांच्या बैठकीत जेवणाचा विषय निघाला आणि 'सुपारीच्या प्लेटा की उसाच्या' अशी चर्चा रंगली, तेव्हा मी एक साधं गणित मांडलं. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून देतो.

आधी वस्तू कमी करा. कप्प्यांचं ताट घेतलं की वाटी गेली. पाण्याची बाटली प्रत्येक मूल रोज शाळेत नेतंच, मोठ्यांनीही आणली की ग्लास गेले (हा लूथर हॉजचा मार्ग). पाचाच्या दोन झाल्या : ताट आणि चमचा. ३००० च्या १२००. अजून धुवायला सुरुवातही केलेली नाही.

आता धुणं. एका माणसाने सगळं घासायचं म्हटलं तर ६०० ताटं, ताटाला २० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं. चमचे वेगळेच. कंबर मोडेल. पण तेच काम वाटलं तर? दहा नळ किंवा दहा टब मांडा. प्रत्येकाने आपलं ताट-चमचा एका मिनिटात धुवायचा. ६०० भागिले १०, सगळं मिळून एक तास, आणि तोही जेवणाच्या वेळातच निघून जातो कारण सगळे एकदम जेवून उठत नाहीत. पॅरलल प्रोसेसिंग, दुसरं काय! माणशी दीड लिटर पाणी धरलं तर ९०० लिटर, म्हणजे एका मध्यम टाकीएवढं. खरकटं आधी बादलीत काढलं तर तेही कमी लागेल, आणि ती बादली खताला जाईल.

बैठकीत शंका आल्याच. 'पाहुण्यांनाही धुवायला लावायचं का?' हो, का नाही? गुरुद्वारात लंगरला गेलो की आपण ताटं धुतो आणि त्याचे फोटोही काढतो. 'स्वच्छ धुतलं जाईल का?' शेवटी एका टबात उकळतं पाणी ठेवू आणि त्यावर दोन पालक उभे राहतील. 'त्यापेक्षा बायका लावू ना चार घासायला.' लावू, जरूर लावू. पण मग चहापाण्यावर भागवायचं नाही, प्लेटांवर जो खर्च करणार होतो तो त्यांना द्यायचा, बसायला पाट द्यायचा, हातमोजे द्यायचे आणि त्यांचं जेवण आपल्याच पंगतीत.

शेवटी ठरलं ते असं : भाड्याची स्टीलची ताटं, बाटली घरून, दहा टब, दर टबावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या. पाळ्यांच्या यादीत पहिली दहा नावं बाबांची असतील एवढी एक अट काही आयांनी घातली, आणि ती आवाजी मतदानाने मंजूर झाली. माझी पाळी साडेआठची आहे.